गोचिडीचा दंश

पावसाळ्यात अन्नावरची वासना उडालेले, हिरड्या फिकट पडलेले आणि तांबूस-काळी लघवी करणारे कुत्रे दवाखान्यात आले, की पशुवैद्यास प्रथम संशय येतो तो गोचीडतापाचा. कारण गोचिडीच्या लाळेतून रक्तात उतरलेला बबेसिया नामक सूक्ष्म परजीवी तांबड्या पेशींत शिरून तेथेच वाढतो आणि त्या पेशी फुटल्या म्हणजे त्यांतील रंगद्रव्य मूत्रावाटे वाहू लागते. अशा रोगाचा प्रसार गोचीड करते, हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी अमेरिकेतील गुरांच्या बाबतीत १८९३ साली, म्हणजे रोनाल्ड रॉस यांच्या हिवताप व डास यांवरील शोधापूर्वी चार वर्षे, सिद्ध केले. वैद्यकाच्या इतिहासात मला हे कार्य फार मोलाचे वाटते. म्हणून धन्याने कुत्र्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत नित्य पाहावे, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, आणि ताप दिसताच रक्ततपासणीस बिलकूल विलंब लावू नये.