बोटावरची चांदी आणि बन्नीमंटपातला कारखाना

२०२४ च्या लोकसभेला तुम्ही मतदान केलं असेल, तर डाव्या तर्जनीवर एक ते दोन मिलिग्रॅम चांदी घेऊन तुम्ही केंद्राबाहेर पडलात. हिशेब सोपा आहे. शाईची बाटली दहा मिलिलिटरची. तिच्यात साधारण सातशे मतदारांची बोटं होतात. शाईत दहा ते अठरा टक्के सिल्व्हर नायट्रेट असतं आणि त्याच्या वजनातली जवळजवळ दोन तृतीयांश चांदी. त्या निवडणुकीत चौसष्ट कोटींवर लोकांनी मत दिलं. म्हणजे सहाशे किलोपासून टनभरापर्यंत चांदी देशाच्या बोटांवर चढली आणि पुढच्या काही महिन्यांत उतरलीही. ती कुठे गेली, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

ती आली कुठून, हे मात्र नक्की सांगता येतं. केंद्रीय निवडणूक आयोगाची शाई १९६२ पासून म्हैसूरच्या एकाच कारखान्यातून येते. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश लिमिटेड, कर्नाटक सरकारची कंपनी, मुक्काम बन्नीमंटप. दसऱ्याला अंबारीचा हत्ती राजवाड्यातून निघतो आणि मिरवणूक संपते ती याच बन्नीमंटपात. बन्नी म्हणजे शमी. महाराष्ट्रातून दसरा बघायला गेलेली मंडळी मशालींची कवायत पाहून परत फिरतात आणि आपल्या बोटावरची शाई इथेच कुठेतरी बनते, याचा त्यांना पत्ताही नसतो.

कारखाना सुरू झाला १९३७ साली, तेव्हा शाईचा विषयच नव्हता. नाव होतं म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स. नाल्वडी कृष्णराज वडियार गादीवर, मिर्झा इस्माईल दिवाण. संस्थानात कारखान्यांची रांग लागली होती: मंड्याला साखर, भद्रावतीला लोखंडाच्या जोडीला कागद, आणि कृष्णराजसागराजवळच्या बेळगोळला खतं. हा बेळगोळचा कारखाना म्हणजे कृत्रिम अमोनिया बनवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न. त्याआधी, पहिल्या महायुद्धात जर्मनीला जाणारं चंदन अडकलं, तेव्हा १९१७ मध्ये म्हैसूरलाच चंदनतेलाची भट्टी लागली. चंदन काय, लाख काय, संस्थानाचं रसायनशास्त्र जंगलातून सुरू झालं, एवढं ध्यानात ठेवायचं.

लाख म्हणजे एका किड्याचं घर. केरिया लॅका नावाचा हा जीव मुंगीहूनही लहान. पिल्लं कोवळ्या फांदीवर दाटीवाटीनं बसतात, सोंड सालीत खुपसतात, रस पितात आणि अंगातून राळ सोडतात. काही महिन्यांत फांदीभोवती तपकिरी, खडबडीत कवच चढतं. हातात घेतलं तर वाळलेल्या गुळासारखं दिसतं, नखानं टवका उडतो. पळस आणि बोरीवरची लाख ‘रंगीनी’, कुसुमावरची ‘कुसुमी’. म्हैसूरच्या मुलखात जालारीच्या झाडावर तिची पैदास होई. गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसांवरही ती येते. फांद्या छाटायच्या, कवच खरवडायचं, धुवायचं, वितळवून गाळायचं. उरतो तो चपडा, म्हणजे शेलॅक. लाकडाचं पॉलिश, पत्रांवरचा शिक्का, बांगड्या आणि त्या काळी ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा यातूनच होत.

या धंद्यात पर्यावरणाची एक गंमत होती. लाख हवी तर झाड उभं हवं. पळस तोडला तर पीक गेलं. त्यामुळे कारखान्याची भूक जितकी वाढेल, तितकी झाडं राखण्यात रानातल्या माणसाचा फायदा. चंदनाचं याच्या बरोब्बर उलटं: सुगंध गाभ्यात आणि मुळांत, म्हणून झाड मुळासकट उपटायचं. एकाच संस्थानातले, एकाच जंगलावर जगणारे हे दोन कारखाने. पुढे नैसर्गिक चंदनाची काय दशा झाली ते सर्वांना ठाऊक आहे. जागतिक यादीत आज ते ‘असुरक्षित’ प्रजातींत मोडतं. लाखेचा वाटा अर्थात अगदी सोवळा नव्हता. लाख धुतलेलं पाणी लालभडक असतं. त्यात रंग असतो, मेलेले किडे असतात, आणि ते साचलं की कुजतं. पण कुजणारी घाण कुजून तरी जाते. पुढे रंगधंद्यात आलेल्या घाणीला तेवढीही सोय नव्हती.

१९४७ साली कारखाना सरकारी झाला. जगभर तेव्हा चपड्याचे दिवस भरत आले होते. तबकड्या विनाइलच्या झाल्या, पॉलिशमध्ये पेट्रोलियमपासून केलेली रेझिनं आली. आताचं नाव पडलं १९८९ मध्ये, आणि त्यातून ‘लॅक’ हा शब्द गेला. म्हैसूरलाही नाव बदलण्याआधीच धंदा बदलला होता.

रंगाच्या डब्यात असतं काय? रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारं रेझिन, पातळ करणारा द्राव आणि लवकर सुकवणारी थोडी रसायनं. विसाव्या शतकात या चारांपैकी दोन ठिकाणी शिसं बसलेलं असे. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. पूल, रेल्वे, जहाजं यांना गंज चढू नये म्हणून तोच शेंदूर तेलात घोटून फासत. रस्त्यावरचा ठसठशीत पिवळा रंग शिशाच्या क्रोमेटचा. सुकवण्यासाठीही शिशाचेच क्षार. मुलांच्या मेंदूवर शिसं काय करतं हे कळून कित्येक दशकं लोटली, तरी भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. तीसुद्धा घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. कारखान्यांत, यंत्रांवर लागणारे औद्योगिक रंग तिच्या बाहेरच राहिले. मला विचाराल तर ही पळवाट आहे, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे.

जलप्रदूषणाचा कायदा आला १९७४ मध्ये, हवेचा १९८१ मध्ये. म्हैसूरचा कारखाना पहिल्याहून सदतीस वर्षांनी मोठा. त्या सदतीस वर्षांत कारखान्यांच्या गटाराकडे पाहायला देशपातळीवर खास कुणी नेमलेलं नव्हतं.

आता शाई. पहिल्या दोन निवडणुकांत तोतया मतदारांनी सरकारला पुरेसं हैराण केलं होतं. पक्की शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झाली होती. ती मोठ्या प्रमाणावर बनवायला जागा हवी होती. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाच्या मार्फत परवाना म्हैसूरला गेला. मतपेट्या एकेकाळी आपल्या विक्रोळीला गोदरेजनी केल्या होत्या. पेट्या संग्रहालयात गेल्या, मतपत्रिका गेल्या, मतदान यंत्रं आली, शाई मात्र तशीच आहे. आज पंचवीसहून जास्त देश ती मागवतात.

मतदान अधिकारी काडीनं रेघ ओढतो: नखाच्या वरच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या सांध्याखालपर्यंत. २००६ च्या आधी नखाच्या मुळाशी ठिपका पुरत असे. ओढल्या ओढल्या दिसतो तो जांभळा रंग साध्या रंगद्रव्याचा, आणि त्याचं महत्त्व शून्य. तो अधिकाऱ्याला रेघ दिसावी म्हणून. शाईतला अल्कोहोल काही सेकंदांत उडतो. खरं काम तोवर सुरू झालेलं असतं. घामातल्या मिठाशी सिल्व्हर नायट्रेटची गाठ पडते आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. कातडीतल्या प्रथिनांनाही चांदी धरून बसते. मग बाहेर उन्हात आलात की प्रकाशानं त्या क्षाराची बारीक, काळी चांदी होते. जुन्या कृष्णधवल फोटोचा कागद असाच काळा पडायचा. साबण लावा, रॉकेल लावा, जांभळा जाईल, काळा राहील. कातडीवरचा डाग कातडीच्या मेल्या पेशींबरोबर जातो, नखावरचा नख वाढेल तसा पुढे सरकतो.

शाईचा मान इतका की दुसऱ्या कामांनाही तिला जुंपलं गेलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बदलायला आलेल्यांच्या उजव्या तर्जनीला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर तर शिक्काच. रेल्वेगाडीतून उतरवलेली, हातावर शिक्का असलेली माणसं आठवत असतील.

मग या कारखान्याची पर्यावरणातली कामगिरी कशी मोजायची? प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत याचं अर्धं उत्तर आहे. रंगाची मूळ द्रव्यं बनवणारा उद्योग ‘लाल’ गटात, तयार द्रव्यं आणून रंग घोटणारा ‘नारिंगी’ गटात. शिजवणं आणि कालवणं यांत जो फरक, तोच इथे. कालवणाऱ्याच्या अंगणात उरतं काय, तर पिंपं धुतलेलं पाणी, तळाचा गाळ आणि हवेत उडणारा टर्पेंटाइनसारखा द्राव. हा गाळ घातक कचऱ्याच्या सूचीत आहे, त्याला कमी लेखू नये. पण खरी धग शिजवणाऱ्याकडे.

उदाहरण पांढऱ्या रंगाचं घ्या. त्यातली पूड टायटॅनियम डायऑक्साइडची. ती गंधकाम्लाच्या पद्धतीनं काढली की मागे लोहाचे क्षार आणि सौम्य आम्ल भरमसाट उरतं. त्रावणकोर टायटॅनियम हा तिरुवनंतपुरमचा कारखाना १९४६ चा, म्हणजे तोही संस्थानी काळातला, म्हैसूरचा जवळजवळ भाऊ. त्याचं आम्लाचं पाणी वेळीच्या किनाऱ्याला समुद्रात जायचं, आणि तिथल्या मच्छीमारांची तक्रार पिढ्यान् पिढ्या चालली. पांढराशुभ्र डबा देशातल्या कुठल्याही गावात घोटला गेला, तरी त्याची घाण अशाच एखाद्या किनाऱ्यावर आधीच सांडून झालेली असते. सिल्व्हर नायट्रेटचंही तसंच. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, आणि ती विरघळताना नायट्रोजन ऑक्साइडांचा तांबूस, गुदमरवणारा धूर निघतो. धूर धुवून घेतला नाही तर आजूबाजूच्या फुप्फुसांत जातो. शाईच्या बाटलीवर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून म्हैसूर शहरात आज रसायनांचा विषय निघाला की बोट बन्नीमंटपाकडे न जाता पंचवीसेक किलोमीटरवरच्या नंजनगूडकडे जातं, हे बरोबरच आहे. औषधांचे मूळ घटक बनवणारे कारखाने तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि शेजारून कपिला, म्हणजेच कबिनी, वाहते. बन्नीमंटपाचं नाव चांगलं राहिलं त्याचं मोठं श्रेय साखळीतल्या त्याच्या कालवणाऱ्याच्या जागेला. कारखाना लहान राहिला, सरकारी राहिला, आणि एका खात्रीच्या गिऱ्हाइकावर जगला. वाढीच्या मागे लागून त्यानं रेझिनाच्या भट्ट्या पेटवल्या असत्या, तर हा लेख वेगळा झाला असता.

राहिला प्रश्न बोटावरून उतरलेल्या चांदीचा. ती आंघोळीच्या पाण्यातून गटारात जाते. पाण्यात सुटी असलेली चांदी मासे आणि शेवाळाला अतिशय विषारी. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही पुरतात. पण गटारात ती सुटी राहत नाही. तिथल्या सल्फाइडशी बांधली जाऊन गाळात बसते. शिवाय टनभर चांदी अख्ख्या देशात, कोट्यवधी न्हाणीघरांतून पसरते. त्या बाबतीत झोप उडवून घ्यायचं कारण नाही. फोटो स्टुडिओंनी आपल्या नाल्यांत याहून कितीतरी जास्त सोडली.

काळजी करायची ती न वापरलेल्या शाईची. २०२४ साठी म्हैसूरहून साडेसव्वीस लाख बाटल्या गेल्या, किंमत सुमारे पंचावन्न कोटी. २०१९ ला बाटल्या जवळपास तेवढ्याच होत्या आणि खर्च तेहेतीस कोटी; मधल्या काळात चांदीचा भाव कुठे गेला ते सराफाला विचारा. आता सातशेनं भाग द्या. चौसष्ट कोटी बोटांना साडेनऊ लाखांच्या आत बाटल्या पुरतात. केंद्रं साडेदहा लाख, प्रत्येकाला दोन बाटल्या, वर राखीव साठा, म्हणून आकडा एवढा फुगतो. एखाद्या केंद्रावर शाई संपून मतदान थांबण्यापेक्षा हे परवडलं, यात वाद नाही. पण याचा अर्थ निम्म्याहून जास्त शाई, म्हणजे टनापेक्षाही जास्त चांदी, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतच राहिली. बाटलीतल्या शाईला मुदत असते. पाच वर्षांनी ती कामाची नाही.

आणि यातली बरीच चांदी गोळा करायचीही गरज नाही, ती आपणहून परत येते. केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे: मतदान संपल्यावर शाईच्या बाटलीचं बूच घट्ट लावायचं, त्यावर वितळलेली मेणबत्ती किंवा मेण ओतायचं, आणि ती इतर सामानाच्या पाकिटात घालून जमा करायची. जिल्ह्याच्या गोदामात ती पोचते, तीही मोजून, पावतीवर. त्यातली चांदी काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. मीठ टाकलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तळाला बसतो, आणि त्यातून धातू मिळवणं कुठल्याही चांदी-गाळपवाल्याच्या हातचं काम आहे. खरेदीच्या करारात एक कलम वाढवायचं: न वापरलेल्या आणि उरलेल्या बाटल्या पुरवठादारानं परत न्यायच्या आणि त्यातल्या चांदीचा मोबदला पुढच्या बिलातून वजा करायचा.