नवव्या फेरीतले पिचर

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या शिखरावर मेजर लीगचे ३० संघ आहेत आणि त्या प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा उतरत्या क्रमाने चार संलग्न संघ खेळतात. या १२० संघांच्या स्पर्धांना एकत्रितपणे मायनर लीग म्हटले जाते. लहान गावांतील संघ विकत घेऊन किंवा करारबद्ध करून आपले खेळाडू आपणच घडवायचे, ही पद्धत सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात रुजवली आणि पुढे सर्वच संघांनी ती स्वीकारली. या संघांतील जवळपास निम्मे खेळाडू पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे असतात. त्यांच्यापैकी मोजक्या नावांभोवती पहिल्या दिवसापासून वलय असते. उरलेल्यांकडे पाहणारे डोळे थोडे असतात, आणि हा लेख त्या उरलेल्यांविषयी व त्यांच्यावर नजर ठेवण्याच्या कौशल्याविषयी आहे.

पिचरची उपेक्षा बहुधा त्याच्या निवडीच्या दिवशीच सुरू होते. शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंची संघांमध्ये वाटणी करणारी ‘ड्राफ्ट’ ही वार्षिक निवडप्रक्रिया १९६५ पासून चालत आली आहे. तीत संघ आळीपाळीने एकेक नाव पुकारतात आणि अशा फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतील पिचरला करारावर सही करताना लाखो डॉलर मिळतात, तर नवव्या-दहाव्या फेरीपर्यंत ही रक्कम बरीच खाली आलेली असते. ज्याच्यावर मोठी रक्कम लावली त्याला संघ पुन्हा पुन्हा संधी देतो, त्याच्या अपयशाला ‘शिकण्याचा काळ’ म्हणतो. ज्याच्यावर थोडी लावली त्याला मात्र दोन वाईट महिन्यांनंतर घरचा रस्ता दाखवला जातो. त्यामुळे मायनर लीगमधील आकडे वाचताना कोणाला किती डाव टाकायला मिळाले हा आकडा गुणवत्तेइतकाच संघाच्या गुंतवणुकीचाही द्योतक असतो, हे विसरून चालत नाही.

पिचरबाबत अंदाज बांधणे फलंदाजापेक्षा कठीण आहे, आणि त्याचे मुख्य कारण शरीरात आहे. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर असा ताण येतो की तो झिजून तुटणे ही या व्यवसायातील नित्याची गोष्ट झाली आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात मनगटाजवळचा स्नायुबंध बसवून त्याला पुन्हा खेळता केले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. तीनंतर वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर जाते. होतकरू पिचर नावाची गोष्टच अस्तित्वात नसते, असे या क्षेत्रातील जाणकार म्हणतात ते यामुळेच. मात्र त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की, ज्याच्याविषयी कोणी काही बोलत नव्हते असा पिचर एका नव्या पकडीमुळे किंवा बऱ्या झालेल्या कोपरामुळे वर्षभरात ओळखू येईनासा होऊ शकतो.

ही उलथापालथ वेळेत हेरण्याची जागा म्हणजे होमप्लेटच्या, अर्थात फलंदाज जिच्या शेजारी उभा राहतो त्या पंचकोनी पट्टीच्या, पाठीमागच्या जाळीलगतच्या खुर्च्या. तेथे रडारगन घेऊन स्काउट, म्हणजे संघांनी नेमलेले पारखी, बसलेले असतात, आणि अनेकदा त्यांच्या शेजारी त्या दिवशी खेळत नसलेला यजमान वा पाहुण्या संघाचा एखादा पिचर तक्ता घेऊन प्रत्येक चेंडूचा प्रकार, वेग आणि परिणाम नोंदवत असतो. रडारगनवरील पहिला आकडा सर्वांनाच दिसतो. अनुभवी पारखी त्याहून अधिक लक्ष पाचव्या डावातील आकड्याकडे देतो, कारण पहिल्या डावात ताशी ९५ मैल आणि पाचव्यात ९१ मैल असा उतार असेल तर त्या हातात दम कमी आहे, किंवा तो हात दुखतो आहे. कॅचरने, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याने, ग्लोव्ह जेथे धरला तेथे चेंडू पडतो की ग्लोव्हला दरवेळी फूटभर सरकावे लागते, बेसवर धावपटू असताना आखूड झालेल्या फेकीतही चेंडूचा हातातून सुटण्याचा बिंदू तोच राहतो का, तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आल्यावर दाखवायला त्याच्यापाशी आणखी एखादा चेंडू आहे का, या गोष्टी धावफलकावर कोठेच उमटत नाहीत. ज्याच्या वेगवान चेंडूवर फलंदाज वारंवार चेंडूच्या खालून बॅट फिरवतात, त्याचा चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आहे हे उघड्या डोळ्यांना कळते. आता चेंडूची फिरकी आणि उंचीतील फरक यंत्रेही मोजतात. क्रिकेटमधील पायचीतच्या निर्णयांमुळे भारतीय प्रेक्षकांना परिचित असलेली हॉक-आय ही कॅमेऱ्यांची प्रणाली २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर हेच काम करते.

मैदानावर जाता येत नाही त्याला आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तेथे कोणता आकडा टाकून द्यायचा हे आधी ठरवावे लागते. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये असे मांडले की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचे पुढे काय होते यावर पिचरचे नियंत्रण फार थोडे असते. त्याच्या हातात खऱ्या अर्थाने असतात ते स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस, आणि होमरन, म्हणजे मैदानाबाहेर गेलेला फटका. म्हणूनच दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी बाजूला ठेवून स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा केली, तर दुर्लक्षित नावे वर येऊ लागतात. त्यातही वय पाहावे लागते, कारण सिंगल-एमध्ये २४ वर्षांच्या पिचरने १९ वर्षांच्या मुलांना चकवणे फारसे काही सिद्ध करत नाही. स्थळही पाहावे लागते: समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेल्या अल्बुकर्कीच्या विरळ हवेत चेंडू कमी वळतो आणि फटका लांब जातो. चेंडूसुद्धा सर्वत्र एकच नसतो; २०१९ मध्ये ट्रिपल-एने कोस्टा रिकात बनणारा मेजर लीगचा चेंडू स्वीकारला आणि एकाच हंगामात तेथील होमरनची संख्या निम्म्याहून अधिक वाढली, त्यामुळे त्या वर्षी अनेक पिचरांची सरासरी त्यांचा काही दोष नसताना बिघडली.

या साऱ्या अडचणी जेकब डीग्रॉमच्या वाटचालीत एकत्र आलेल्या दिसतात. फ्लोरिडातील स्टेटसन विद्यापीठात तो मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक होता आणि पिचिंगकडे वळून त्याला जेमतेम काही महिने झाले होते, तेव्हा २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत, एकूण २७२ व्या क्रमांकावर निवडले. त्याच वर्षी त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चा हंगाम पूर्ण वाया गेला. निदान बाहेरून तसे दिसले. प्रत्यक्षात पोर्ट सेंट लुसी येथील मेट्सच्या तळावर त्याच काळात खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेल्या योहान सांतानाने त्याला आपल्या चेंजअपची, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून हळू सोडायच्या चेंडूची पकड शिकवली. सांताना स्वतः उपेक्षेतूनच वर आला होता: पुरेशी वर्षे मायनर लीगमध्ये काढूनही संघाने ४० जणांच्या राखीव यादीत न घेतलेला खेळाडू दुसऱ्या संघाला उचलता येतो, त्या ‘रूल फाइव्ह’ निवडीत १९९९ मध्ये ह्यूस्टनने त्याला गमावले, आणि मिनेसोटाकडून त्याने २००४ व २००६ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार जिंकला. डीग्रॉम पुढे सव्हाना, सेंट लुसी, बिंगहॅम्टन अशा पायऱ्या चढत फलंदाजांना धार्जिण्या लास व्हेगासला पोहोचला, तेव्हा तेथील त्याच्या सरासरीत डोळ्यांत भरण्यासारखे काहीच नव्हते. मे २०१४ मध्ये मेट्सकडून तो पहिला सामना खेळला तो रफाएल माँतेरो या पिचरच्या पदार्पणाच्या दुसऱ्या दिवशी, आणि सर्वांचे लक्ष माँतेरोकडे होते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी पदार्पण केलेला डीग्रॉम त्या मोसमातील सर्वोत्तम नवोदित ठरला, तर २०१८ मध्ये १.७० च्या सरासरीसह आणि पुन्हा २०१९ मध्ये त्याने साय यंग मिळवला.

डेट्रॉइटने २०१८ मध्ये २५५ व्या क्रमांकावर, तेही नवव्याच फेरीत, निवडलेला टॅरिक स्कूबलही महाविद्यालयातच टॉमी जॉन शस्त्रक्रियेला सामोरा गेलेला होता; पण पुढच्याच वर्षी डबल-एमध्ये ईरी येथे त्याने ४२ डाव आणि एक बाद एवढ्या अवधीत ८२ स्ट्राइकआउट नोंदवले, आणि तो आकडा वाचणाऱ्याला आणखी काही सांगण्याची गरज नव्हती. २०२४ आणि २०२५ चा साय यंग त्याचाच आहे. फ्रांबर व्हाल्डेझची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण डोमिनिकन मुलांचे करार सोळाव्या वर्षी होतात आणि ह्यूस्टनने २०१५ मध्ये दहा हजार डॉलर देऊन त्याला घेतले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पारख्यांच्या लेखी तो केव्हाच कालबाह्य झाला होता. सात वर्षांनी ह्यूस्टनने विश्वविजेतेपद जिंकले त्या संघातील तो प्रमुख पिचर होता.

अशी उदाहरणे मनाला उभारी देतात, तरी बहुतेक उपेक्षित पिचर उपेक्षितच राहतात आणि त्यांच्या श्रमाची किंमत दीर्घकाळ अत्यंत थोडी होती. २०१९ मध्ये सिंगल-एतील किमान वेतन आठवड्याला २९० डॉलर होते आणि तेही केवळ हंगामापुरते. खेळाडूंनी २०१४ मध्ये दाखल केलेला वेतनाचा खटला २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला, त्याच वर्षी ते कामगार संघटनेत सामील झाले, आणि २०२३ च्या करारानंतर सिंगल-एचे किमान वार्षिक वेतन २६,२०० तर ट्रिपल-एचे ३५,८०० डॉलर झाले. या जगात दोन भारतीयही वावरून गेले. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून पुढे आले आणि त्यांना पिट्सबर्गने करारबद्ध केले. दिनेशला २०१० मध्ये मुक्त करण्यात आले, डावखुरा रिंकू सिंगल-एपर्यंत चढला आणि पुढची वर्षे दुखापतींनी खाल्ली. ज्यांनी त्यापूर्वी बेसबॉल हातातही धरला नव्हता, त्यांनी गाठलेली ही पायरी लहान मानणे अन्यायाचे होईल.

उशिरा फुलणाऱ्या हातांसाठी असलेली जागा मात्र आता आक्रसली आहे. २०१९ पर्यंत ४० फेऱ्यांची असलेली निवड २०२१ पासून २० फेऱ्यांवर आली आणि त्याच वर्षी चाळीसहून अधिक गावांच्या संघांची संलग्नता संपुष्टात आली. मार्क बर्ली १९९८ मध्ये ३८ व्या फेरीत निवडला गेला आणि २१४ सामने जिंकून निवृत्त झाला; नेस्टर कॉर्टेस २०१३ मध्ये ३६ व्या फेरीत आला, रूल फाइव्हमधून बाल्टिमोरला जाऊन परत पाठवला गेला आणि २०२२ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. ज्या फेऱ्यांनी या दोघांना दार उघडून दिले, त्या फेऱ्याच आता उरलेल्या नाहीत. त्यांच्यासारख्या तरुणाला आज निवडीविना करार शोधावा लागतो किंवा पायोनियर, फ्रंटियर, अटलांटिक यांसारख्या मेजर लीगशी केवळ भागीदारीने जोडलेल्या लीगमध्ये स्वतःला सिद्ध करावे लागते, आणि उपेक्षित पिचरचा माग काढणाऱ्यांनाही आता ईरी आणि बिंगहॅम्टनबरोबर या लीगमधील गावांचे धावफलक वाचावे लागतात.