‘वरूनच माल नाही’

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. घसा दुखण्याचे निमित्त झाले, मग गुडघे सुजले, आणि तपासण्यांअंती निदान झाले ऱ्हुमॅटिक फीव्हरचे. या आजारात सांध्यांचे दुखणे निघून जाते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तो उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे, तेही वर्षानुवर्षे. एका खेपेला मी चिठ्ठी घेऊन निघालो आणि सात दुकाने पालथी घातली तरी ते मिळेना. शेवटच्या दुकानदाराने चिठ्ठी परत करत सांगितले, “काका, वरूनच माल नाही.”

१९७० च्या आसपास हेच इंजेक्शन मी स्वतः घेतले होते. एसटीने मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना वडील पिंपरीचा कारखाना दाखवून म्हणायचे, “तुझं औषध इथं होतं.” मग आता हे ‘वर’ म्हणजे नेमके कुठे? त्या दिवसापासून मी ते शोधू लागलो.

दुकानदाराच्या वर घाऊक विक्रेता, त्याच्या वर औषध कंपनी. कुपीवर ‘भारतात निर्मित’ असे छापलेले असते आणि ते खोटे नसते. निर्जंतुक कुपी भरणे, सील करणे ही कामे इथेच होतात. पण कुपीतल्या पांढऱ्या भुकटीचा उगम पाहत गेलो, की वाट देशाबाहेर जाते. बेंझाथिन पेनिसिलिनची भुकटी करणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले बहुतेक चीनमध्ये. घरोघरी माहीत असलेल्या अमॉक्सिसिलिनचेही तेच. ते ज्या रसायनापासून बनते ते ‘सिक्स-एपीए’, आणि ते बनते पेनिसिलिन-जीपासून. जगाला जेनेरिक औषधे पुरवणारा देश म्हणून आपण मिरवतो. मात्र औषधांच्या कच्च्या मालाच्या आपल्या आयातीपैकी, किमतीच्या हिशेबाने, सुमारे दोन तृतीयांश माल एकट्या चीनमधून येतो.

हे वाचून मी चक्रावलो, कारण पेनिसिलिन काही खाणीतून निघत नाही. ती एका बुरशीची करणी. मोठ्या टाकीत साखर आणि मका भिजवून उरलेले सकस पाणी घालायचे, बुरशी सोडायची, आठवडाभर निर्जंतुक हवा फुंकत राहायची आणि टाकी थंड ठेवायची. मग द्रव गाळून, रसायनांच्या मदतीने पेनिसिलिन वेगळे काढून त्याचे स्फटिक करायचे. ही टाक्यांची पद्धत अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभी राहिली. फ्लेमिंगने १९२८ मध्ये लावलेला शोध तोवर प्रयोगशाळेतून फारसा पुढे सरकला नव्हता. जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा जखमींसाठी पुरेसे पेनिसिलिन त्यांच्यासोबत होते. म्हणजे हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले तेच मुळी युद्धसाहित्य म्हणून.

स्वतंत्र भारताने हे ओळखले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागले. नंतर सोव्हिएत साहाय्याने ऋषिकेशला दुसरा मोठा सरकारी कारखाना आला. १९७० च्या पेटंट कायद्याने खासगी उद्योगालाही बळ दिले.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. आयातीवरची बंधने सैल झाली. चीनने प्रचंड क्षमतेच्या टाक्या उभारल्या, त्यांना सरकारचे पाठबळ मिळाले आणि भाव कोसळले. आपली वीज महाग, टाक्या लहान, बुरशीचे वाण जुने. पेनिसिलिनचा धंदा विजेवर चालतो, कारण हवा फुंकणे आणि थंडावा राखणे रात्रंदिवस सुरू ठेवावे लागते. एकेक कारखाना बंद पडला. पिंपरीतले पेनिसिलिन-जीचे उत्पादनही थांबले. स्वस्त माल घेणाऱ्या कंपन्यांनी व्यापाराच्या दृष्टीने काहीच चूक केली नव्हती. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता, फक्त देशाचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

तो मांडावा लागला २०२० मध्ये. साथीने चीनमधले कारखाने थंडावताच ३ मार्चला भारताने पॅरासिटामॉलसह २६ कच्च्या व तयार औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर चीनहून येणाऱ्या मालाची कसून तपासणी सुरू झाली आणि औषधांचा कच्चा मालही आपल्याच बंदरांत अडकून पडला. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. शत्रूने पुरवठा तोडलाच पाहिजे असे नाही. आपण आपला राग दाखवायला गेलो, तरी पहिला चिमटा आपल्याच रुग्णाला बसतो. परावलंबनाने सुरक्षेला बसणारा खरा फटका हाच, की निर्णय घेताना हात आखडतो.

यावर उपाय म्हणून साठा करा, असे सुचवले जाते. तेलाबाबत आपण तो केला आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत गुहांत ५० लाख टनांहून अधिक कच्चे तेल मावते. पण खडकाखाली कोट्यवधी वर्षे पडून राहिलेल्या तेलाला मुदत नसते, औषधाला असते. शिवाय टाक्या नव्याने बांधता येतात. मात्र बुरशीचे वाण वर्षानुवर्षे निवडत सुधारणारे आणि बिघडलेली टाकी वासावरून ओळखणारे हात एकदा पांगले, की पुन्हा जमवायला पिढी लागते. म्हणून औषधाच्या बाबतीत खरा साठा म्हणजे चालू असलेला कारखाना.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळेच इथे बनवू म्हटले तर भाव चढतील, आणि ते भरणार कोण? बेंझाथिन पेनिसिलिनसारख्या स्वस्त, किंमत-नियंत्रित औषधात कच्चा माल महागला, की कंपनी ते बनवण्याचेच सोडून देते. म्हणजे इंजेक्शन पुन्हा गायब. हा वरचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये आणि कंपनीच्या देशभक्तीवरही सोडू नये. तोफखाना नफ्यात आहे का, असे आपण विचारत नाही. तसाच हा विम्याचा हप्ता सरकारने भरावा. काही निवडक औषधांसाठी सरकारी रुग्णालयांनी देशी कच्च्या मालाच्या औषधाची दीर्घ मुदतीची खरेदी बांधून द्यावी, हा मला सर्वांत सरळ मार्ग दिसतो.

सुरुवात झाली आहे. २०२० मध्ये केंद्राने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्यातून आंध्रातल्या काकीनाडा इथे पेनिसिलिन-जीचा कारखाना उभा राहिला. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीला, त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. धन्वंतरीचा दिवस चांगलाच साधला. पण प्रोत्साहनाची मुदत संपल्यावर बाहेरचा भाव पुन्हा पडला तर? पिंपरीचा कारखानाही एकेकाळी नवाच होता.

भाचीला त्या खेपेला इंजेक्शन मिळाले, ते दुसऱ्या शहरातून एका नातेवाइकाने बर्फात घालून आणले तेव्हा. चार दिवस उशीर झाला, सुदैवाने काही बिघडले नाही. आज ती एकोणीस वर्षांची आहे. झडपेला थोडी इजा असल्याने डॉक्टरांनी अजून बरीच वर्षे सांगितली आहेत. वर्षाला सतरा इंजेक्शने. दर खेपेला दुकानाच्या पायऱ्या चढताना मला तेच वाक्य आठवते, आणि कुपी हातात पडेपर्यंत मी काही बोलत नाही.