अर्ध्या सेंटीमीटरात साडेतीनशे वर्षे

2004 च्या ऑगस्टमध्ये तीन जहाजे उत्तर ध्रुवापासून जेमतेम 250 किलोमीटरवर पोचली. ‘विदार वायकिंग’ समुद्रतळाला छिद्र पाडत होते; रशियाचे अणुशक्तीवर चालणारे ‘सोव्हेत्स्की सोयुझ’ आणि स्वीडनचे ‘ओडेन’ त्याच्यावर चाल करून येणारा बर्फ फोडत होते. पाणी सुमारे 1300 मीटर खोल. त्याखाली लोमोनोसोव्ह ही बुडालेली डोंगररांग आणि तिच्या माथ्यावर 428 मीटर गाळ.

हा गाळ वरच्या थरांत हजार वर्षांना सरासरी दीड सेंटीमीटरच साचतो. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून आजवर तिथे साचला असेल तो अर्धा सेंटीमीटर. उपग्रहांनी ध्रुवाभोवतीच्या बर्फाची सलग मोजणी सुरू केल्यापासूनचा गाळ तर एक मिलिमीटरही भरणार नाही. तेवढ्यात उन्हाळ्याअखेरचा समुद्रबर्फ 1979 च्या सुमारे 70 लाख चौरस किलोमीटरवरून 2012 मध्ये 34 लाखांवर आला.

428 मीटरच्या तळाशी आपण सुमारे 5 कोटी 60 लाख वर्षे मागे असतो. सूक्ष्मजीवांच्या आवरणातले स्निग्ध रेणू पाण्याच्या उबेनुसार बदलतात. तळाच्या गाळातल्या त्या रेणूंनी तेव्हाच्या पाण्याचे तापमान सांगितले : सुमारे 23 अंश सेल्सिअस. तेही हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य न उगवणाऱ्या प्रदेशात!

मला त्याहून थक्क करतो तो 4 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीचा थर. त्यात अझोला सापडला. आपले शेतकरी जनावरांच्या खाद्यासाठी वाफ्यात वाढवतात, त्याच कुळातली ही तरंगती वनस्पती. खाऱ्या समुद्रात ती फोफावत नाही. म्हणजे जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या त्या महासागराच्या पृष्ठभागावर गोडे पाणी पसरत होते, आणि ते अधूनमधून तब्बल 8 लाख वर्षे. आपली मानवजात पृथ्वीवर आहे सुमारे 3 लाख वर्षांपासून.

मग गाळात मोठी पोकळी लागते. मूळ कालगणनेप्रमाणे 2 कोटी 60 लाख वर्षांचा थरच नाही. काही अभ्यासकांना ती एवढी मोठी वाटत नाही. पृथ्वी थंड होत गेली, अंटार्क्टिकावर बर्फाचे थर चढले, तो काळ नेमका यातच येतो, म्हणून ही उणीव फार जाणवते.

बर्फाचा माग मात्र आता नेमका लागतो. समुद्रबर्फात राहणारी काही सूक्ष्म शैवाले 25 कार्बन अणूंचा एक रेणू बनवतात. प्लिमथ विद्यापीठाच्या सायमन बेल्ट यांच्या गटाने 2007 मध्ये त्याची उपयुक्तता दाखवली. तो सापडला, की वर्षातून काही काळ तिथे बर्फ होता. सापडला नाही, तर दोन शक्यता : बर्फच नव्हता, किंवा इतका जाड होता की खाली उजेडच पोचला नाही. मग मोकळ्या पाण्यातल्या शैवालांच्या खुणा शोधायच्या.

2014 मध्ये जर्मनीचे ‘पोलारश्टर्न’ हे जहाज याच डोंगररांगेवर गेले. तिथल्या 60 लाख वर्षांहून जुन्या गाळात दोन्ही खुणा एकत्र मिळाल्या : वसंतात बर्फ, उन्हाळ्यात मोकळे पाणी.