विमानदुरुस्तीची वाट अकरावीपासून

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एव्हिएशन हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. नेहमीच्या अभ्यासाबरोबर तिथली मुले-मुली विमानदुरुस्ती शिकतात. शाळेच्या हँगरमध्ये खरी विमाने उभी असतात. सांगाडा आणि इंजिन या दोन्हींची सरकारी परीक्षा असते. प्रमाणपत्र मात्र १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. काही जण पाचवे वर्षही थांबतात.

आपल्याकडे ही वाट बारावीनंतर उघडते, तीही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले असेल तर. म्हणजे खरा फैसला अकरावीच्या प्रवेशावेळीच होतो. आपल्या घरांत डॉक्टरकीच्या आशेने गणित सोडून देतात, आणि हे दार नकळत बंद होते. मुलींच्या बाबतीत तर ते उघडून पाहिलेच जात नाही!

इथे पदवीपेक्षा डीजीसीएचा परवाना मोठा. दुरुस्तीनंतर विमान उडण्यास योग्य आहे, ही सही परवानाधारकच करतो. बी-१ परवाना मुख्यतः यांत्रिक कामाचा, बी-२ विद्युत व एव्हिऑनिक्सचा.

फी लाखांत जाते. अम्मीचे दागिने गहाण टाकण्याआधी संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि मान्यता नेमक्या कोणत्या परवान्यासाठी आहे, हे अब्बांनी स्वतः पाहावे. माहितीपत्रकावर विमानाचा फोटो कुणीही छापतो.