न गंजणाऱ्या पोलादाचा सांधा



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरला मराठीत ‘संधाता’ म्हणतात. फिटर तो ‘जोडारी’ आणि टर्नर तो ‘कातारी’. ‘संधाता’ आणि व्याकरणातील ‘संधी’ हे शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. आणि ‘धातू’ हा शब्दही व्याकरणाने व लोहशाळेने समाईकच वापरला आहे. तेव्हा या विषयात मी अगदीच उपरा नाही, एवढी सवलत मला द्यावी.

आपले भैरवगढ काळभैरवासाठी जितके प्रसिद्ध, तितकेच कापडावरील छपाईसाठी. मेण लावून कापड रंगवायचे आणि मग उकळत्या पाण्यात ते मेण काढायचे, हा येथील बाटिकचा क्रम आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रंगाऱ्याला लोखंडाचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. हिरड्याच्या पाण्याला लोखंड लागले की ते काळे पडते. जेथे काळाच रंग हवा, तेथे जुने कारागीर गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे आंबवीत. जेथे तो नको, तेथे लोखंडाला दूर ठेवीत. रंग, दूध, औषध, मद्यार्क या सर्व पदार्थांच्या कारखान्यांत आज स्टेनलेस स्टीलची भांडी आणि नळ दिसतात, त्याचे कारण हेच आहे. पात्राने आपला गुण आतल्या पदार्थाला लावू नये.

हे पोलाद गंजत कसे नाही? १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियमच्या जोडीला निकेल घालण्याचे काम त्याच सुमारास चालले होते. त्याच घराण्यातील १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद आज ‘३०४’ या क्रमांकाने ओळखले जाते. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारे कवच तयार होते. त्यावर ओरखडा पडला तरी ते आपोआप पुन्हा भरून येते. मात्र त्यासाठी त्या जागी साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मोकळे असावे लागते. पुढचे सारे नाट्य या एका अटीभोवती घडते.

लोखंड सांधण्याची विद्या आपल्या माळव्याला नवी नाही. धार येथे लाट मशिदीपाशी पडलेला लोहस्तंभ मूळचा सुमारे १३ मीटर लांब आणि ७ टनांच्या आसपास वजनाचा होता. तो ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, घणांचे घाव घालून एकमेकांत मिसळविलेले आहेत. परंतु त्या लोहारांना क्रोमियम सांभाळायचे नव्हते. आजच्या संधात्याला ते सांभाळावे लागते.

येथे व्याकरणाचा दाखला देतो. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ जोडले की ‘जगन्नाथ’ होते. सांधताना शेजारच्या वर्णाचे रूपच पालटते. पोलादातही हेच घडते. जेथे धातू वितळून पुन्हा घट्ट झाला, तेवढाच सांधा असे आपण समजतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंचा, न वितळलेला, केवळ तापलेला पट्टाही बदलून जातो. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या तापमानात पोलाद रेंगाळले, तर त्यातील कार्बन क्रोमियमला ओढून घेतो आणि धातूच्या कणांच्या सीमांवर दोघांचे संयुग साचते. सीमेलगतचा भाग क्रोमियमला पारखा होतो. वरून सारे चकचकीत दिसते. आत मात्र कवच धरण्याची शक्ती गेलेली असते. पुढे आम्ल किंवा क्षार लागले की नेमक्या त्या सीमांवरून धातू पोखरला जातो. १९७० च्या दशकात अनेक देशांतील उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत, ३०४ पोलादाच्या नळांना सांध्यांशेजारी तडे गेलेले आढळले. त्यांच्या मुळाशी हा बदल होता. ताण आणि पाण्यातील प्राणवायू यांनी त्याला साथ दिली. आपल्याकडे १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या याच कुळातील. यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

उपाय तीन आहेत. पहिला, कार्बनच कमी करणे. साध्या ३०४ मध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंत असू शकतो; ‘३०४ एल’ मध्ये ०.०३ च्या आत. दुसरा, टायटॅनियम किंवा नायोबियम घालणे; कार्बन मग त्यांच्याशी बांधला जातो आणि क्रोमियम मोकळा राहतो. तिसरा, वस्तू सुमारे १०५० अंशांपर्यंत तापवून झपाट्याने निववणे. पण मोठ्या टाकीला हे कसे करणार? म्हणून कारखान्यांत पहिला मार्गच बहुधा पत्करतात.

उष्णतेचा आणखी एक जाच आहे. हे पोलाद साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वेगानेच उष्णता वाहून नेते आणि फुगते मात्र सुमारे दीडपट. उष्णता एका जागी कोंडते आणि पत्रा वाकतो. यासाठी संधाता आधी जवळजवळ टाके घालतो, थोड्या उष्णतेत भरभर काम करतो आणि एक थर पुरता निवल्याखेरीज दुसरा चढवीत नाही.

पातळ नळासाठी टंगस्टनच्या टोकाशी विजेची ज्योत पेटवितात आणि तिच्याभोवती आर्गॉन वायूचे आवरण धरतात. नवख्याला वाटते, बाहेरून आर्गॉन सोडला म्हणजे झाले. पण नळाच्या आतही सांध्याची दुसरी बाजू तापलेलीच असते. तेथे हवा राहिली तर आत काळे, खडबडीत, साखरेच्या खड्यांसारखे थर येतात. दुधाच्या नळात तीच जंतूंची वस्ती होते. म्हणून आतूनही आर्गॉन भरावा लागतो. सांध्यावरील पिवळ्या-निळ्या छटा शोभेच्या नव्हेत. त्यांच्याखाली क्रोमियम उणावलेला असतो. आम्लाचा लेप लावून त्या काढाव्या लागतात. आणि साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश येथे कधीही वापरू नये. त्याचे कण चिकटून उद्या तेथेच तांबेरा धरतो.

माझा एक जुना विद्यार्थी हे काम देवासकडे करतो. मराठीत तो जेमतेम उत्तीर्ण होत असे. काम संपले की तो नळात विजेरीचा झोत टाकून आतली बाजू पाहतो. मी विचारले, ‘‘हे कोण तपासणार आहे?’’ तो म्हणाला, ‘‘सर, तपासणारा बाहेरून बघतो. दूध आतून जातं.’’

मित्रहो, जो दुसऱ्याच्या अन्नपाण्यासाठी इतका जागतो, त्याच्यासाठी आपण किती जागतो? स्टेनलेस वेल्डिंगच्या धुरात सहा संयुजेचा क्रोमियम असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच त्याला मानवी कर्करोगाचे कारण ठरविले, आणि २०१७ साली वेल्डिंगचा धूर सर्वच त्या वर्गात घातला. धूर जेथे उठतो तेथूनच ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी ही चैन नव्हे. आर्गॉनचे तर आणखी वेगळे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असतो. बंद टाकीच्या तळाशी तो साचला की तेथील प्राणवायू हटतो, आणि आत उतरलेला माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला धावत आत शिरणाराही तसाच पडतो. म्हणून हवा मोजल्याशिवाय आत उतरू नये, आणि बाहेर एक माणूस उभा असल्यावाचून तर नाहीच. हा नियम संधात्याला ठाऊक असतो. तो पाळण्याइतका वेळ आणि साधने त्याला मिळावीत, हे बघणे मालकाचे काम आहे.

या शाळेतून अभियंते निघाले, कारखानदार निघाले, पर्यवेक्षकही निघाले. आज येथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या हाताखाली संधाते काम करीत असतील. त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या कामावर गेलात की सांध्याची बाहेरची बाजू जरूर पाहा, आतली पाहा. आणि टाकीत उतरलेला माणूस कोणत्या हवेत श्वास घेतो आहे, तेही पाहा.