सहाध्यायांचा अभिप्राय : उपचार की शिक्षण?

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एक प्रकल्प पुरा करावा लागतो. सत्राच्या अखेरीस तो वर्गापुढे उभा राहतो, पडद्यावर आपली आज्ञावली चालवून दाखवितो, परीक्षक दोन प्रश्न विचारतात, सहाध्यायी टाळ्या वाजवितात आणि पुढचे नाव पुकारले जाते. पुष्कळ महाविद्यालयांत हा सोहळा असाच पार पडतो. त्यातून गुण मिळतात. परंतु शिक्षण किती होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

आज्ञावली लिहिणे हे वरवर पाहता एकट्याचे काम वाटते. पण तिच्यातील दोष तिच्या कर्त्याला बहुधा सर्वांत शेवटी दिसतात. मनात जे योजिले तेच उतरले आहे, अशी त्याची समजूत असते आणि त्या समजुतीनेच तो आपले काम तपासतो. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथात एक बोलका प्रसंग दिला आहे. एका आज्ञावलीकाराने आपले काम सहकारी स्त्रीला तपासावयास दिले, तेव्हा अवघ्या १३ विधानांत तिला १७ चुका सापडल्या. त्याने राग मानला नाही. उलट दिवसभर तो ही गोष्ट हसत हसत सर्वांना सांगत राहिला. आज्ञावली म्हणजे आपली प्रतिष्ठा नव्हे, हे ज्याला उमगले त्यालाच असे हसता येते.

हे न उमगल्यास किंमत मोठी पडते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. जुन्या एरियान-४ साठी लिहिलेल्या आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच वापरला होता आणि नव्या उड्डाणातील एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. चौकशी मंडळाच्या शिफारशींपैकी एक प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे : तपासणीत प्रकल्पाबाहेरची माणसे घ्यावीत आणि तपासणी झाल्याची नोंद पाहण्यावर न थांबता युक्तिवादाच्या गाभ्याची छाननी करावी. वर्गातील सहाध्यायी हीच ती बाहेरची माणसे होत.

मात्र अभिप्राय देणे ही शिकवावी लागणारी विद्या आहे. ग्रंथालयाच्या देवघेवीची आज्ञावली सादर झाल्यावर ‘छान आहे’ किंवा ‘काही दम नाही’ असे म्हणणे दोन्ही सारखेच निरुपयोगी. ‘परतीची तारीख ३१ फेब्रुवारी दिली तरी ती स्वीकारली जाते’ हा खरा अभिप्राय. कारण त्यात दोष कोठे आहे हे कळते आणि तो दूर कसा करावा याची दिशाही मिळते. आपल्याकडील शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम नीट मांडून मगच त्याचे खंडन करण्याची शिस्त होती. ‘ही आज्ञावली काय करते’ हे आधी स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि मग उणीव दाखवावी, एवढा नियम घातला तरी निम्मी कटुता टळेल.

उरलेल्या अडचणी व्यवस्थेच्या आहेत. सहाध्यायाच्या शब्दावर गुण अवलंबून असतील, तर मैत्री गोड बोलावयास लावते आणि स्पर्धा कडू. म्हणून हा अभिप्राय गुणांपासून अलग ठेवला पाहिजे. दुसरे असे की, तो सत्राच्या अखेरीस मिळून उपयोग नाही. तेव्हा सुधारणेला अवधीच उरत नाही. सत्राच्या मध्यावर पहिले सादरीकरण व्हावे आणि अंतिम सादरीकरणात ‘कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का’ हे विद्यार्थ्याने सांगावे. तिसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या धाकाने गप्प बसतो आणि त्याला दिसलेला दोष त्याच्यापाशीच राहतो. त्याला मराठीत बोलू दिल्याने विषयाचा दर्जा घसरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय प्रगतिपत्रकातही स्वयंमूल्यमापनाबरोबर सहाध्यायांच्या मूल्यमापनाला स्थान दिले आहे. परंतु रकाने भरल्याने वृत्ती बदलत नाही. प्रकल्प विकत मिळतात आणि आता तर यंत्रच मागाल ती आज्ञावली लिहून देते. अशा काळात पडद्यावर काय चालले यापेक्षा ते का चालले, हे सांगता येणे महत्त्वाचे आहे. उसन्या कामाचा कर्ता वर्गमित्राच्या एका साध्या प्रश्नापुढे अडखळतो. ज्याने स्वतः खपून काम केले, त्याला तोच प्रश्न पुढची वाट दाखवितो. तो प्रश्न विचारण्याची मोकळीक वर्गात निर्माण करणे हे शिक्षकाचे काम आहे. त्याला नवी यंत्रसामग्री लागत नाही. वेळापत्रकात थोडा अवधी आणि चूक दाखविणाऱ्याविषयी आदर, एवढे पुरते.